गोळी कशी बनते हे शिकायचं तर पॅकिंगकडून उलटं चालत ये

तुझा प्रश्न थोडक्यात असा की बी फार्मचं शेवटचं वर्ष आहे, ट्रेनिंग बोईसरला टॅबलेटच्या प्लांटमध्ये लागलंय, एपीआय म्हणजे गोळीतलं मूळ औषध तर सगळ्या कंपन्यांचं तेच असतं मग बाकीची पावडर म्हणजे नुसता भरणाच ना, आणि जायच्या आधी फॉर्म्युलेशन, मॅन्युफॅक्चरिंग आणि पॅकेजिंग या तिन्हीचं बेसिक काय धरून जायचं. मी बरीच वर्षं याच कामात आहे, आधी आर अँड डी मध्ये आणि मग प्लांटवर टेक ट्रान्सफरला, म्हणजे लॅबमधला फॉर्म्युला प्लांटच्या मशीनवर बसवायच्या कामाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांब होईल, पण सावकाश वाच.

कॉलेजात या तिन्हीचे वेगवेगळे चॅप्टर असतात, प्लांटमध्ये वेगवेगळे डिपार्टमेंट आणि वेगवेगळे मॅनेजर असतात, त्यामुळे आपल्या डोक्यात पण तीन कप्पे तयार होतात आणि पॅकिंग हे सगळ्यात शेवटी येणारं, फारसं डोकं न लागणारं काम वाटतं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. गोळी शेवटी कुठे जाऊन राहणार आहे तिथून विचार सुरू कर. जुलै महिना आहे, लालबागच्या चाळीतली खोली किंवा नालासोपाऱ्यातलं वन आर के, स्ट्रिप ओट्याच्या वरच्या फळीवर डब्यात ठेवलेली, खाली कुकर लागलेला, बाहेर पाऊस आणि हवेत ८५-९० टक्के ह्युमिडिटी, त्यात केमिस्टने कात्रीने कापून चारच गोळ्या दिलेल्या. त्या गोळीने एक्स्पायरीच्या शेवटच्या महिन्यात पण लेबलवर लिहिलाय तेवढा डोस द्यायचा आहे, पोटात ठरलेल्या वेळात फुटून विरघळायचं आहे, आणि तोपर्यंत रंग न बदलता, भुगा न होता राहायचं आहे. एवढं सगळं तिच्याकडून करून घ्यायचं तर काय काय घालावं लागेल, कशी बनवावी लागेल आणि कशात बंद करावी लागेल, हा एकच प्रश्न आहे आणि आपल्या हवेत त्याचं अर्धंअधिक उत्तर पाणी या एका शब्दात असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडची गोळी, जी प्रत्येक घरात कधी ना कधी आलेली असते. त्यातलं पोटॅशियम क्लॅव्ह्युलॅनेट हवेतलं पाणी इतकं भराभर ओढतं आणि पाणी लागलं की इतकं पटकन खराब होतं की मुंबईच्या साध्या हवेत ते उघडं ठेवताच येत नाही. आता या एका गुणावरून पुढचं सगळं कसं ठरत जातं बघ. पाणी घालून ग्रॅन्युलेशन (पावडरचे दाणे बनवणं) करता येणार नाही, म्हणजे रोलर कॉम्पॅक्शन (कोरडी पावडर दाबून दाणे) करायचं किंवा डायरेक्ट कॉम्प्रेशन (पावडरची थेट गोळी). एमसीसी, म्हणजे मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजची पावडर, घालायचा तर साधा चालणार नाही, कारण साध्या एमसीसीत स्वतःचंच पाच टक्क्यांपर्यंत पाणी असतं, त्याचा कमी ओलाव्याचा ग्रेड घ्यावा लागतो. रूमची आरएच, म्हणजे हवेतली सापेक्ष आर्द्रता, ३० टक्क्यांच्या खाली खेचायची म्हणजे नुसता एसी पुरत नाही, डीह्युमिडिफायर लागतो, आणि त्याचं वीजबिल प्रॉडक्टच्या किमतीत बसवायचं. बीटा लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातलं औषध, असल्यामुळे प्लांटचा तो भाग पूर्ण वेगळा, एअर हँडलिंग वेगळं, कारण पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या बीपीच्या गोळीत त्याचा कणसुद्धा जाता कामा नये. पॅकिंगला साधा पीव्हीसी प्लॅस्टिकचा ब्लिस्टर विसर, दोन्ही बाजूंनी धातू असलेला अ‍ॅल्यु-अ‍ॅल्यु नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची स्ट्रिपच पाहिजे. आणि लहान मुलांचं औषध लिक्विड करून बाटलीत भरून विकता येत नाही म्हणून ते ड्राय सिरप असतं, घरी उकळून गार केलेलं पाणी घालायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांत संपवायचं. रेणूचा एक स्वभाव आणि त्यावरून एक्सिपियंट (औषधाबरोबर घालायच्या बाकीच्या पावडरी), मशीन, एसी, फॉइल, अगदी आईला द्यायची सूचना सुद्धा ठरली. म्हणून म्हणते की हे तीन विषय नाहीत.

आता तुझा भरण्याचा प्रश्न. हा शब्द डोक्यातून काढच, कारण १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फिटची म्हणजे एपिलेप्सीची औषधं चालू असलेले बरेच पेशंट अचानक फेनिटॉइनची विषबाधा होऊन यायला लागले. डोस तोच, औषध तेच, डॉक्टर तेच. बदललं होतं काय तर कॅप्सूलमधला भरणा, आधी कॅल्शियम सल्फेट होतं आणि कंपनीने त्या जागी लॅक्टोज घातलं होतं. कॅल्शियम सल्फेटमुळे औषध शरीरात कमी जात होतं आणि डॉक्टरांनी डोस त्या हिशोबाने बसवलेले होते, लॅक्टोज आल्यावर तेच औषध जास्त शोषलं जायला लागलं आणि फेनिटॉइनमध्ये योग्य डोस आणि विषारी डोस यातलं अंतर खूप कमी असतं. म्हणजे ज्याला आपण निष्क्रिय म्हणतो त्याने पेशंटला हॉस्पिटलमध्ये पाठवलं.

दुसरं रोजच्यातलं उदाहरण म्हणजे बीपीचं औषध अ‍ॅम्लोडिपिन. त्याच्या रेणूत प्रायमरी अमाइन हा नायट्रोजनचा गट आहे आणि लॅक्टोज ही त्याच्याशी जुळणारी साखर, रिड्युसिंग शुगर, दोघांना ओलाव्यात एकत्र ठेवलं की रंग बदलून औषध खराब करणारी मेलार्ड रिअ‍ॅक्शन होते, म्हणून अ‍ॅम्लोडिपिनमध्ये एमसीसी आणि डायबेसिक कॅल्शियम फॉस्फेट ही जोडी चालते. अ‍ॅस्पिरिनचं उलट, त्याला ओलावा आणि अल्कली दोन्ही चालत नाही, त्यामुळे गोळी मशीनला चिकटू नये म्हणून घालायचं सगळ्यांचं आवडतं मॅग्नेशियम स्टिअरेट तिथे टाळतात आणि स्टिअरिक अ‍ॅसिड वापरतात. जुनी अ‍ॅस्पिरिनची बाटली उघडली की व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच असतं, गोळी तुटायला लागल्याचं चिन्ह. म्हणून फॉर्म्युला बनवायला बसायच्या आधी एपीआय आणि प्रत्येक एक्सिपियंट यांची जोडी करून व्हायल्समध्ये ४० डिग्री ७५ टक्के आरएचला ठेवायची, थोडं पाणी घालून पण ठेवायची, आणि काही आठवड्यांनी रंग, वास आणि एचपीएलसी (औषध किती उरलं, किती तुटलं हे मोजणारी टेस्ट) बघायचं. कंटाळवाणं काम आहे, ट्रेनीकडेच येतं, पण मन लावून कर, कारण इथे सुटलेली गोष्ट दोन वर्षांनी बाजारात सापडते.

गोळीत कोण काय काम करतं हे पुस्तकात आहेच, मी दोन टोकाच्या गोळ्या सांगते म्हणजे नीट बसेल. पॅरासिटामॉल ५०० मध्ये गोळीचं बहुतेक वजन औषधाचंच असतं, भरण्याला जागाच नाही, आणि पॅरासिटामॉलचे कण दाबले तरी एकमेकांना धरत नाहीत, दाब काढला की परत उसळतात आणि गोळीची टोपी उडते, त्यालाच कॅपिंग म्हणतात. तिथे सगळा खेळ कणांना धरून ठेवणाऱ्या बाइंडरचा, म्हणजे स्टार्च पेस्ट किंवा पीव्हीपी के ३०, आणि वेट ग्रॅन्युलेशनचा, म्हणजे ओलं करून दाणे बनवण्याचा. अ‍ॅम्लोडिपिन ५ मध्ये बेसिलेट सॉल्टचं वजन धरून सुमारे ६.९ मिलिग्रॅम औषध आणि गोळी दीड-दोनशे मिलिग्रॅमची, तिथे दाबायचा प्रॉब्लेम नाही, प्रॉब्लेम हा की ते एवढंसं औषध प्रत्येक गोळीत सारखं कसं जाणार. मग आधी औषधाइतकाच एमसीसी घेऊन मिसळायचं, मग तेवढाच अजून, असं दुपटीने वाढवत न्यायचं, कणांचा साईज जवळपास ठेवायचा, नाहीतर ब्लेंडरमध्ये छान मिसळलेलं मिश्रण हॉपरमधून, म्हणजे मशीनवरच्या नरसाळ्यातून, खाली येताना परत वेगळं होतं. त्यामुळे ब्लेंडचं सॅम्पल पास आणि गोळी फेल असं होऊ शकतं.

मॅग्नेशियम स्टिअरेटबद्दल वेगळं सांगते कारण प्लांटमध्ये सगळ्यात जास्त त्रास याचाच. असतं जेमतेम अर्धा ते एक टक्का, काम एवढंच की गोळी डायच्या, म्हणजे साच्याच्या, भिंतीला आणि दाबणाऱ्या पंचाला चिकटू नये. पण ते पाणी झटकणारं आहे, प्रत्येक कणावर त्याचा पातळ थर बसतो, म्हणून ते शेवटी चाळून घालायचं आणि फक्त दोन-पाच मिनिटं मिसळायचं. ऑपरेटर चहाला गेला आणि ब्लेंडर वीस मिनिटं फिरत राहिला की थर पूर्ण बसतो, गोळ्या मऊ पडतात आणि पाणी आत शिरत नाही म्हणून डिसोल्यूशन, म्हणजे औषध विरघळण्याचं प्रमाण, खाली येतं. फॉर्म्युला तोच, वजन तेच, कागदावर काही बदललं नाही, तरी औषध वेगळं झालं. फॉर्म्युला आणि प्रोसेस वेगळे करता येत नाहीत ते असं.

मॅन्युफॅक्चरिंगमध्ये एक गोष्ट पहिल्या दिवशी डोळ्यांनी बघ. टॅबलेट मशीन वजन करत नाही. डायमध्ये पावडर भरते ती आकारमानाने, खालचा पंच जेवढा खाली तेवढी जागा, त्यात जे पडेल ते. साध्या २७ स्टेशनच्या, म्हणजे २७ साच्यांच्या, मशीनचा टरेट (फिरती तबकडी) मिनिटाला ३० फेऱ्या फिरला तर तासाला ४८,६०० गोळ्या पडतात, आणि प्रत्यक्ष दाब बसतो तो काही मिलिसेकंद. एवढ्या वेगात प्रत्येक डायमध्ये सारखंच वजन पडायचं तर पावडर पाण्यासारखी वाहिली पाहिजे आणि तिची घनता बॅचभर तीच राहिली पाहिजे. ग्रॅन्युलेशन आपण करतो ते मुख्यतः यासाठी. बल्क डेन्सिटी (सैल पावडरची घनता) आणि टॅप्ड डेन्सिटी (आपटून बसवलेल्या पावडरची) काढून कार इंडेक्स काढायला शिकवतात तो याच कामाचा, १५ पर्यंत असेल तर निवांत, २५ च्या वर गेला की वजन नाचणार समज.

वेट ग्रॅन्युलेशनचा रस्ता तुला माहीतच असेल, सिफ्टिंग म्हणजे चाळणं, आरएमजी या मोठ्या मिक्सरमध्ये बाइंडर घालून मळणं, एफबीडी या गरम हवेच्या ड्रायरमध्ये सुकवणं, मिलिंग, ब्लेंडिंग, लुब्रिकेशन, कॉम्प्रेशन. आरएमजीचा एंडपॉइंट, म्हणजे मळणं कधी थांबवायचं ते, मशीनच्या अँपिअरवर धरतात, पण जुने ऑपरेटर मुठीत घेऊन दाबतात आणि मोडून बघतात, भाकरीच्या पिठाचा अंदाज हाताला असतो तसा त्यांना तो असतो, त्यांच्या शेजारी उभा राहून ते बघ. त्यांचा हात आणि अँपिअरचा आकडा जुळतोय का हे लिहून ठेवायची सवय लाव.

सुकवणं मात्र आपल्याकडचा खरा विषय. एफबीडी बाहेरचीच हवा ओढून, गाळून, गरम करून आत सोडतो. जानेवारीत बोईसरची हवा आणि जुलैमधली हवा यात पाणी किती वेगळं असतं विचार कर, म्हणजे तेच ६० डिग्री आणि तेच तीस मिनिटं ठेवलं तर जानेवारीत ग्रॅन्युल जास्त सुकणार आणि जुलैत ओलं राहणार. जास्त सुकलं की कण एकमेकांना धरत नाहीत, कॅपिंग येतं, ओलं राहिलं की पंचाला चिकटतं, गोळीवर कोरलेल्या अक्षरांच्या पोटातली पावडर निघून येते. म्हणून सुकवण्याचा एंडपॉइंट कधीच घड्याळावर ठेवू नये, एलओडी (सुकवल्यावर वजन किती घटतं) वर ठेवावा, म्हणजे ग्रॅन्युल काढायचं, मॉइश्चर बॅलन्सवर टाकायचं आणि फॉर्म्युल्याने ठरवलेल्या टप्प्यात आकडा आला की थांबायचं. चांगल्या प्लांटमध्ये एफबीडीच्या आत जाणारी हवाच आधी कोरडी करून घेतात, तो खर्च मॅनेजमेंटला नेहमी जास्त वाटतो, पण पावसाळ्यात चार बॅचेस अडकल्या की हिशोब बरोबर जुळतो. बीएमआर, म्हणजे बॅच बनवण्याच्या रेकॉर्डमध्ये, नुसतं तीस मिनिटं लिहिलेलं दिसलं तर सुपरवायझरला नम्रपणे विचार की पावसाळ्यात काय करतात.

कॅपिंग आलं की बहुतेक जण आधी दाब वाढवतात आणि बऱ्याचदा ते अजून बिघडतं, कारण आत अडकलेली हवा हेच कारण असतं. आधी मशीनचा वेग कमी करून बघ, प्री-कॉम्प्रेशन असेल तर ते वाढव, मग एलओडी आणि फाईन्स (बारीक भुकटी) किती आहेत ते बघ, आणि डाय घासून आतून रिंग पडलीय का तेही. पंच आणि डायची तब्येत लोक विसरतातच.

आयपीक्यूसी, म्हणजे बॅच चालू असतानाच्या तपासणीत, तू ज्या टेस्ट करशील त्यांचे आकडे पाठ असू देत, इंडियन फार्माकोपियाचे, म्हणजे औषधांच्या सरकारी मानकांच्या पुस्तकातले. वजनाच्या फरकाला ८० मिलिग्रॅम किंवा कमी वजनाच्या गोळीला १० टक्के, २५० किंवा जास्तला ५ टक्के, आणि मधल्यांना साडेसात टक्के. फ्रायबिलिटी, म्हणजे ड्रममध्ये फिरवल्यावर गोळीची होणारी झीज, १०० फेऱ्यांनंतर एक टक्क्याच्या वर नको. फुटायला साध्या गोळीला १५ मिनिटं, फिल्म कोटेडला ३०, पाण्यात टाकून घ्यायच्या डिस्पर्सिबलला ३, आणि एंटेरिक कोटेड (पोटात न फुटता आतड्यात फुटणारी) असेल तर अ‍ॅसिडमध्ये दोन तास अजिबात फुटायची नाही आणि नंतर बफरमध्ये फुटली पाहिजे. पण एक लक्षात ठेव, फुटणं म्हणजे विरघळणं नाही, गोळी तीन मिनिटांत फुटून तळाशी वाळूसारखी पडू शकते आणि औषध आत तसंच राहू शकतं, म्हणून डिसोल्यूशन वेगळं करतात, ३७ डिग्रीला, बऱ्याचदा ९०० मिली द्रवात. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच टेस्टवर आहे.

कोटिंगवर थोडक्यात. एचपीएमसी या सेल्युलोजपासून बनलेल्या पदार्थाचा फिल्म कोट दोन ते चार टक्के वजन वाढेल एवढा असतो, तो चव, रंग आणि थोडं संरक्षण देतो, ओलावा पूर्ण अडवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नकोस. पँटोप्रॅझोलसारखं औषध पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये मरतं म्हणून त्याला एंटेरिक कोट, आणि म्हणूनच ती गोळी किंवा एसआर (औषध सावकाश सोडणारी) लिहिलेली गोळी मोडून किंवा कुटून देऊ नये. घरोघरी आजोबांना गिळता येत नाही म्हणून कुटून देतात, तेव्हा दिवसभर सावकाश सुटायचा डोस एकदम अंगात जातो. हे तू फार्मासिस्ट झालास की काउंटरवरून सांगायचं आहेस.

कॅप्सूलचं एकच लक्षात ठेव, जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असावंच लागतं, कमी झालं की काचेसारखं तडकतं आणि जास्त झालं की एकमेकांना चिकटतं, म्हणजे आत पाणी ओढणारं औषध भरलं तर ते कवचातलंच पाणी खेचून घेतं.

लिक्विडबद्दल मात्र मुंबईत बसून गप्प राहता येत नाही. १९८६ च्या सुरुवातीला आपल्या जेजे हॉस्पिटलमध्ये ग्लिसरॉल दिलेल्या १४ पेशंटांचा मृत्यू झाला, त्यात डायइथिलिन ग्लायकॉल निघालं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि खरेदीपासून तपासणीपर्यंत काय काय सडलं होतं ते सगळं बाहेर आलं. त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी, १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फॅनिलामाइडच्या एलिक्झिरमध्ये हेच डायइथिलिन ग्लायकॉल वापरल्यामुळे शंभरावर माणसं गेली होती आणि त्यातून त्यांचा १९३८ चा कायदा आला. आणि २०२२ मध्ये गॅम्बियात सिरपमुळे मुलं गेली तेव्हा परत हेच नाव आलं. डायइथिलिन ग्लायकॉल दिसायला ग्लिसरीनसारखंच, पारदर्शक, घट्ट, चवीला गोड, किडनी निकामी करतं, आणि स्वस्त. डोळ्याने, वासाने, चवीने कळणारच नाही. कळतं फक्त टेस्टने, ती गॅस क्रोमॅटोग्राफवर होते आणि मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणून ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल यांचं सर्टिफिकेट आलंय एवढ्यावर माल आत घ्यायचा नाही, आलेल्या ड्रमांची ओळख स्वतः पटवायची, माल मस्जिद बंदरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आलेला असला तरी आणि कितीही वर्षांचा सप्लायर असला तरी. मूळ उत्पादक कोण आणि मध्ये ड्रम कुणी उघडून परत भरला का हे विचारायचं. यात कुणी घाई करायला सांगितली तर सही करू नकोस, ट्रेनी असलास तरी.

आता पॅकेजिंग, जिथून आपण सुरू केलं. गोळीला प्रत्यक्ष लागतं ते प्रायमरी पॅक, म्हणजे ब्लिस्टर, स्ट्रिप, बाटली. ब्लिस्टरचं खालचं फोड आलेलं प्लॅस्टिक बहुतेक २५० मायक्रॉनचं पीव्हीसी असतं आणि वर २०-२५ मायक्रॉनची अ‍ॅल्युमिनियम फॉइल, तिच्या आतल्या बाजूला गरम केलं की चिकटणारं लॅकर. पीव्हीसी दिसायला बंद वाटतं पण त्यातून पाण्याची वाफ आत जातच असते, हळूहळू, दोन वर्षं. त्यावर पीव्हीडीसी या ओलावा अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा थर दिला की ते कित्येक पटीने कमी होतं. आणि अ‍ॅल्यु-अ‍ॅल्यु म्हणजे दोन्ही बाजूंनी धातू, खालच्या फॉइलमध्ये नायलॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि पीव्हीसी असे तीन थर, ती गरम न करता नुसती दाबून आकार देतात म्हणून खळगा मोठा लागतो, स्ट्रिप मोठी होते, कार्टन मोठं होतं, मशीनचा वेग कमी होतो आणि खर्च वाढतो, पण सील चांगलं असेल तर पाणी आणि उजेड दोन्ही जवळपास शून्य. म्हणजे कुठली फिल्म घ्यायची हा परचेसचा प्रश्न नाही, तो औषध किती ओलावा सहन करतं या आकड्याचा प्रश्न आहे. वर्षाच्या शेवटी कॉस्ट कमी करायच्या मीटिंगमध्ये पीव्हीडीसी काढून साधं पीव्हीसी करूया असं कुणीतरी म्हणतंच, तेव्हा फॉर्म्युलेशनच्या माणसाने उठून सांगायला पाहिजे की हा वेगळा प्रॉडक्ट झाला, याची स्टॅबिलिटी परत करा.

आणि स्टॅबिलिटी करायची ती ज्या पॅकमध्ये विकणार त्याच पॅकमध्ये. ४० डिग्री आणि ७५ टक्के आरएचला सहा महिने ही अ‍ॅक्सिलरेटेड, आणि ३० डिग्रीला पूर्ण शेल्फ लाइफभर चालणारी लाँग टर्म, दोन्ही साध्या पोत्यात भरलेल्या गोळीवर करून काही कळत नाही. मी पॅक निवडताना गोळी उघडी ठेवून, पीव्हीसीत, पीव्हीडीसीत आणि अ‍ॅल्यु-अ‍ॅल्युत अशी चारही प्रकारे सुरुवातीलाच लावते, पहिल्या प्रयोगाच्या बॅचवरच, म्हणजे रेणू स्वतःच सांगतो त्याला काय पाहिजे. काही औषधांना तर प्लॅस्टिकच चालत नाही, नायट्रोग्लिसरिन प्लॅस्टिकमध्ये शोषलं जातं म्हणून त्याची गोळी काचेच्या बाटलीत ठेवतात.

फिल्म कितीही चांगली घेतली तरी सील गेलं तर सगळं गेलं. लीक टेस्ट बघ, स्ट्रिपा मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून व्हॅक्यूम लावतात, सोडतात, मग उघडून आत निळं शिरलंय का बघतात. निळं दिसलं तर कारण बहुतेक रोलरचं तापमान, फॉइलला सुरकुती, किंवा गोळीचा भुगा सीलच्या जागेवर पडलेला. हा भुगा कुठून आला तर फ्रायबिलिटी जास्त, फ्रायबिलिटी का जास्त तर ग्रॅन्युल जास्त सुकलं. म्हणजे पॅकिंगमधल्या गळतीचं मूळ एफबीडीत सापडतं, आणि हे पॅकिंगच्या ऑफिसरला कुणी सांगत नाही.

छपाईकडे पण माणसाच्या हातातली वस्तू म्हणून बघ. मुंबईतला केमिस्ट स्ट्रिप कापून देतो हे सत्य आहे, मग बॅच नंबर आणि एक्स्पायरी एकाच टोकाला छापली तर कापलेल्या तुकड्यावर काहीच राहत नाही. औषधाचं नाव आणि स्ट्रेंग्थ तरी प्रत्येक खळग्यामागे यावी असं आर्टवर्कला सांग. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या पॅकवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झालाय, तो पण स्ट्रिप कापल्यावर वाचता येईल का हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि सील उघडलंय हे दिसायला का हवं तर १९८२ ला शिकागोत टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये दुकानातच कुणीतरी सायनाइड घातलं आणि सात जण गेले, तिथून पुढे टॅम्पर एव्हिडंट पॅक जगभर आले.

पॅकिंग लाईनवरची सगळ्यात मोठी भीती मात्र फिल्मची नाही, सरमिसळ होण्याची आहे. आधीच्या बॅचची एक स्ट्रिप बेल्टखाली राहिली किंवा ५ मिलिग्रॅमच्या कार्टनमध्ये १० ची स्ट्रिप गेली तर कुठलीही लॅब ते पकडू शकत नाही, कारण दोन्ही गोळ्या आपापल्या जागी उत्तमच असतात. म्हणून लाईन क्लिअरन्स, म्हणजे नवीन बॅच लावायच्या आधी टेबल, कन्व्हेयर, कचऱ्याचा डबा सगळं रिकामं आहे हे दोन माणसांनी स्वतः बघून सही करणं, आणि शेवटी किती फॉइल आली, किती वापरली, किती फाडली याचा मेळ. तुला ही सही करायला सांगतील, वाकून मशीनखाली बघितल्याशिवाय करू नकोस.

कागदाबद्दल, प्लांटमध्ये जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात, आणि लिहायचं ते काम करतानाच, शिफ्ट संपताना आठवून नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, आलंय, त्यात क्वालिटी रिस्क मॅनेजमेंट आणि दरवर्षी प्रॉडक्ट क्वालिटी रिव्ह्यू हे आता स्पष्ट मागितलंय, ते जायच्या आधी वाचून जा, इंटरव्ह्यूला पण विचारतात.

ट्रेनिंगला कुठला डिपार्टमेंट मागू असं पण तू विचारलं होतंस. पहिला आठवडा पॅकिंग माग, मग कॉम्प्रेशन, मग ग्रॅन्युलेशन, शेवटी स्टोअर आणि क्यूसी म्हणजे तपासणीची लॅब, बाकीचे सगळे याच्या उलट क्रमाने जातात. एकच प्रॉडक्ट धर, शक्यतो पाण्याला घाबरणारं, आणि त्याचा बीएमआर, पॅकिंग रेकॉर्ड आणि स्टॅबिलिटीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाच. कागद तुला बाहेर नेऊ देणार नाहीत आणि फोटो तर अजिबात काढू नकोस, क्यूए म्हणजे क्वालिटी सांभाळणाऱ्या डिपार्टमेंटच्या रूममध्ये बसूनच वाचावं लागेल, वेळ मागून घे. फॉर्म्युल्यातल्या प्रत्येक घटकासमोर हा का आहे आणि नसता तर काय झालं असतं हे आपल्या वहीत लिही. जिथे उत्तर सुचणार नाही तो घटक आणि ते औषध कुठलं एवढं इथे विचार, कंपनीचे आकडे न टाकता, मी उत्तर देईन.